ओठांची उजळणी

उद्या सहल. पाचवी ब. मुलं अठ्ठावीस,
संमतीपत्रं सत्तावीस;
टोबी क्रॉशॉचं कुत्र्यानं खाल्लं म्हणे.

केस घट्ट बांधून या, मी सांगते,
लोंबते स्कार्फ नकोत.
तिथं ते जुने माग खरोखर चालू करतात,
मग फरशी थरथरते,
आणि आपलाच आवाज आपल्याला पोचत नाही.

"मग त्या बायका बोलायच्या कशा?" टॅन्सी विचारते.

मी दार लावते.
आवाज न काढता, ओठ पार ताणून
एक वाक्य म्हणते.

"बटाटे जळले!"
"मुख्याध्यापकांना टक्कल पडलंय!"
वर्ग हसून लोळतो.
खिडकीपाशी झुनैरा तेवढी गंभीर:
"तुम्ही म्हणालात, किटली चढवलीये, ये."

कसं ओळखलंस?

आजोबा मीरपूरहून इथं आले, बर्नलीला,
एकवीस वर्षं रात्रपाळी.
गिरणी बंद पडली, कान तिथंच राहिले.
"आम्ही घरात असंच बोलतो, मिस.
तुम्ही जरा घाई करता."

मग उरलेला तास
ती फळ्यापाशी, मी तिच्या खुर्चीत,
गुडघे टेबलाखाली मावत नाहीत.
ओठ सावकाश. भुवयासुद्धा बोलू देत.
टोबी दोनदा चुकतो, मी तीनदा.

सकाळी बस सुटताना
फाटकाशी लोकरी टोपीतला एक म्हातारा
काचेकडं बघत
एकेक अक्षर कोरल्यासारखे ओठ हलवतो.

सत्तावीस नाकं काचेला चिकटतात.
आणि अख्खी बस एकदम ओरडते:

"झुनैरा, डबा!"