काड्यांचा हिशेब

मास्तर, तुम्ही विचारता ते मला कळतं,
पण उभ्या उभ्या नाही सांगता येणार.
बसा. तो ओंडका डुगडुगतो, दुसऱ्यावर बसा.

आमच्या ऐसेनमध्ये सप्टेंबरात बर्फ मऊ होतं,
तेव्हा मी खिंडीतल्या झोपडीवर चढते.
पालिका मला वर्षाला दोन पोती पीठ देते,
झाडलोट करायची आणि काय उरलं ते लिहायचं.
नियम दारावरच कोरलाय, माझ्या बापाच्या सुरीनं:
जेवढं जाळशील तेवढं तोडून ठेव.
बस, एवढाच. खाली सही नाही, देवाचं नाव नाही.

यंदा काय सापडलं, ऐका.
टेबलाचा एक पाय जाळलेला. एकच.
आणि उरलेल्या तिघांवर टेबल उभं राहावं म्हणून
चौथ्या जागी दगड रचलेले, नीट, पाचर मारून.
आता हा माणूस मी कुठल्या रकान्यात टाकू?
कुणीतरी कढई नेली.
कुणीतरी छताची गळती बुजवली,
स्वतःच्या बुटाचं चामडं कापून.
तो खाली उतरला कसा, हे तोच जाणे.
भिंतीवर एक शिवी, आणि दुसऱ्या अक्षरात
तिचं शुद्धलेखन दुरुस्त केलेलं.
येर्बाची पुडी अर्धी. साखर नाही.
साखर कधीच उरत नाही.
साखरेबाबत माझं मत पक्कं आहे.

हसलात. बरं झालं.
पुढचं हसण्यासारखं नाही.

राख पडली त्या वर्षी मी एकोणीसची होते.
मेंढ्या उभ्या उभ्या मरत होत्या,
लोकरीत अख्खा डोंगर घेऊन.
त्या झोपडीत मी दोन रात्री काढल्या.
डबीत नऊ काड्या होत्या. दोन ओढल्या.
निघताना वाटलं, पाच घ्याव्यात, दोन ठेवाव्यात.
मग वाटलं, दोन काड्यांनी कुणाचं काय होणार?
त्याही घेतल्या.
भीती नव्हती. थंडीही फारशी नव्हती.
खाली घरी चूल पेटलेलीच होती.
हात गेला आणि डबी खिशात आली, इतकंच.
सैतानबितान कुणी कानाशी बोललं नाही.

आणि हेही लिहून घ्या, की निघण्याआधी
मी लाकडं तोडून ठेवली होती. नियमाप्रमाणे.
सुकी, कमरेएवढी रास,
वर सालींचा झुबका, चटकन पेटावी म्हणून.

तीन दिवसांनी एलेओदोरो तिथं पोचला.
त्या राशीसमोर रात्रभर बसून राहिला.
डाव्या हाताची तीन बोटं गेली.

तुम्ही ओळखता त्याला.
शाळेचं कुंपण त्यानंच घातलं, सात बोटांनी.
दर एप्रिलात, थंडीच्या तोंडावर,
खेचरावर लाकडं लादून तो वर नेतो.
एकदा मी विचारलं होतं, त्या रात्रीबद्दल.
म्हणाला, “काड्या संपल्या असतील, ओतिल्या.
पण लाकडं काय सुरेख रचली होती!
कुणीतरी जीव लावून रचली होती.”
रात्रभर म्हणे तो त्या माणसाला दुवा देत होता.

मी त्याच्या भाकरीला लोणी लावत होते.
लावत राहिले.

तीस वर्षं झाली. त्याला सांगितलेलं नाही.
तुम्हाला सांगितलं, कारण मार्चात तुमची बदली होतेय.
बघा, यातसुद्धा हिशेब आहेच.

तर ‘मुळात’ म्हणजे काय, मास्तर?
मूळ मी फक्त लेंगाच्या झाडाचं पाहिलंय,
वादळानं उपटलेलं.
माती होती, किडे होते, दगड कवटाळलेले होते.
कुठं मूळ संपलं आणि दगड सुरू झाला
ते कुऱ्हाड घेऊनही मला सापडलं नाही.

उद्या परत वर जाईन.
नवी डबी नेईन, चाळीस काड्यांची.
फळीवर ठेवीन, दाराशी येईन.
दर वर्षी दाराशी आले की हात मागं वळतो.
एकच, म्हणतो. एक घेतली तर कुणाला कळणार?
मी तिथं उभी राहते.
कधी थोडा वेळ. कधी बराच.
बाहेर खेचर पाय आपटत असतं.