बेत

कर्वे पुतळ्याजवळच्या दुकानात
काचेमागे आकड्यांचे केक मांडलेले.
कार्तिकीनं सातावर बोट ठेवलं, काचेवर ठसा उमटला.
"एक किलोच्या खाली आकडा होत नाही, ताई,"
तो म्हणाला, आणि मग भाव म्हणाला.
मी म्हटलं, चल गं, बस चुकेल.
बस कुठली. सुतारदऱ्याला आम्ही चालतच जातो.

तेवढ्या पैशात माझे सात ब्लाउज, अस्तरासकट.
पोरगी सात वर्षांची, ब्लाउज सात.
हिशोब कधीकधी असे आपोआप जुळतात
आणि त्यांचा काही उपयोग नसतो.

रात्री पेपर पसरला, खडू घेतला.
आमच्यात आधी बेतायचं, मग कापायचं.
घरातलं सगळंच बेताचं,
त्यामुळे हात बसलेला आहे.
मराठी सात काढून पाहिला: सगळा उरेब.
गोलाईत माल फार जातो.
गिऱ्हाईक असतं तर सांगितलं असतं,
अर्धा मीटर जास्त आणा.
इंग्रजी सात बरा, दोन पट्ट्यांत बसतो,
एक आडवी, एक तिरपी, कोपऱ्यात जोड.

बिस्किटांचे सहा पुडे, दहावाले.
मिक्सर लोखंडेवहिनींचा,
त्याबदली त्यांच्या दोन साड्यांना फॉल.
रविवार पेठेत अस्तर आणायला गेले
तेव्हाच बोहरी आळीतून रंगीत गोळ्या घेतल्या,
पन्नास ग्रॅम.
पाव किलोच्या खाली देत नाही म्हणाला.
मी तशीच उभी राहिले. दिल्या.

पातेल्यात मीठ, मिठावर ताटली,
ताटलीवर पत्र्याच्या चौकोनी डब्याचं झाकण, त्यात केक.
वर परात. परातीवर वजनाला
कोळशाची जुनी इस्त्री.
पाऊण तास मी मशीनवर बसले नाही.
लग्नानंतर पहिल्यांदाच असेल.

मध्ये जरा बसला.
सैल असेल ते आत घेता येतं,
बसलेल्याचं काय करतात मला माहीत नव्हतं.
तीन पट्ट्या पाडल्या, उचलताना तिरपी मोडली.
मग लोणी, पिठीसाखर, बिटाचा रस,
दुधाच्या रिकाम्या पिशवीचा कोपरा कापून
जोडावरून गुलाबी टीप मारत गेले.
आतली बाजू कोण बघतं?
ब्लाउज तरी उलटा करून कुणी घालतं का?
गोळ्या बटणांसारख्या, दोन दोन बोटांवर.

संध्याकाळी चाळीतली अकरा पोरं,
आणि वरच्या गल्लीतला एक, न बोलावलेला.
त्यानंच विचारलं, "काकू, कुठल्या दुकानातला?"
मी दुकानाचं नाव सांगणारच होते.
कार्तिकी म्हणाली,
"दुकानातला नाहीये. मम्मीनं शिवलाय."

पोरं हसली. मीही हसले, पण मला
पदर नीट करायला आत जावं लागलं.

तिसरी पट्टी मी डब्यात लपवली होती, उद्याच्या शाळेसाठी.
झोपायच्या वेळी तिला ती सापडलीच.
"मम्मी, तुझा कधी असतो?"
एक जून.
"खरा?"
गुरुजींनी टाकलेला. आमच्या वर्गात सगळ्यांचाच एक जून.
खरा कुणाला माहीत. आई म्हणायची,
शेतात हुरडा होता तेव्हा.
"मग आता तू कितीची?"
मी कापड मोजते, गिऱ्हाइकांचं अंग मोजते.
हे सांगता येईना.

तिनं पट्टी ताटलीत ठेवली,
उरलेली एक गोळी वरच्या टोकाला दाबली.
"हा घे एक. इथून मोजायचं.
पुढच्या वर्षी तुझा दोन करू."

दोनाला गोलाई असते, मी म्हटलं.
माल जास्त लागेल.