पिग्मी

सकाळी साडेआठ. पापाची तिकटी.
शटर अर्धंच वर, ओल्या चामड्याचा वास,
आणि तोंडात दोरा धरलेला परशराम सातपुते
न बोलता पन्नासची नोट पुढं करतो.
मी मशीनवर बोटं मारतो, पावती कुरकुरत बाहेर येते.
अकरा वर्षं झाली आमच्या या रामरामाला.

लक्ष्मीपुरीत अक्काताई भोरे, मिरचीवाल्या. वीस रुपये.
नोटेला तिखट, मोजताना मला शिंक.
उद्यमनगरात दस्तगीर मुल्लाणी, लेथवर. शंभर,
कधी दोनशे, कधी "उद्या बघू".
संध्याकाळी पिशवी गाभण म्हशीसारखी जड
आणि त्यातलं माझं कमिशन
गंगावेशीत उभ्यानं प्यायच्या दुधाएवढं.

परशरामला तळ कापायचं मशीन घ्यायचं होतं. चाळीस हजार.
बँक म्हणाली, दोन जामीनदार आणा,
सात-बारा आणा, रिटर्न आणा,
तीन वर्षांचा ताळेबंद आणा.
तो म्हणाला, "ताळेबंद ह्यांच्याकडंच हाय की.
रोज सकाळी येतोय न्यायला."
मी खाली बघितलं. त्याच्याच हातच्या चपला माझ्या पायात.

त्याच दुपारी काचेच्या केबिनात
कुणा बिल्डरचे दोन कोटी
चहा निवायच्या आत मंजूर.

"आमच्या पन्नासातनंच दिलं नव्हं?" मी विचारलं.
हेड क्लार्क बिडकरांची नोकरी आठ दिवस उरलेली,
म्हणून खरं बोलले :
"नाही हो. कुठून काढून नाही दिले.
इकडं कर्ज लिहिलं, तिकडं ठेव लिहिली.
लिहिले, म्हणून झाले.
तुमची पिशवी म्हणजे अक्षता.
लागतात. पण लग्न काही अक्षतांनी ठरत नाही."

रात्रभर डोळा नाही.
माझा बाप बंधाऱ्यावर मजूर होता.
दिवाळीच्या आगंमागं बरगे बसवायचा,
फटीत माती चेपायचा, मृग जवळ आला की काढायचा.
नदी कुणाच्या सात-बाऱ्यावर नव्हती,
म्हणून तर पाणी दोन्ही काठांना चढायचं.
मग जो पैसा नुसता लिहिल्यानं होतो
तो एकाच काठाला का चढतो?
पेन कुणाच्या खिशात आहे?

रविवारी तालमीत बैठक. नऊ जण,
त्यातले दोन चहासाठी.
मी कागद वाचला, आवाज कापत होता :
गावाची बँक. घरफाळा, पाणीपट्टी तिथंच जमा.
कर्ज लेथला, तळाच्या मशीनला, गल्लीतल्या पाइपलाइनला.
व्याज फिरून गावातच.

दस्तगीर म्हणाला, "आणि चेअरमन कुणाचा मेव्हणा?"
कुणी हसलं नाही.
बुडालेल्या पतसंस्थेत त्याच्या आईचे
तीन लाख अजून आहेत. म्हणजे, पासबुकात आहेत.

मातीचा वास, पंख्याची घरघर.
अक्काताई पदर झटकून उठल्या :
"पाणी चोरतात म्हणून बंधारा बांधायचा न्हाई व्हय?
मी रोज मिरचीचा भाव फळीवर लिवते.
तसं लिवा चौकात. कुणाला दिलं, किती दिलं,
कुणी फेडलं न्हाई. नावानिशी.
मेव्हण्याचं नाव जरा मोठ्या अक्षरात."

अर्ज महापालिकेत दिला. आवक शिक्का मिळाला.
परवानगी वरनं लागते, असं समजलं.
वर म्हणजे कुठं, ते समजलं नाही.

सोमवार. पापाची तिकटी. साडेआठ.
परशरामनं तोंडातला दोरा काढला, नोट हातातच धरली.
"काय, आज किती लिवलं रं तुझ्या बँकेनं?"

मशीनची पावती महिन्याभरात पांढरी पडते.
मी शंभर पानी वही काढली,
पहिल्या पानावर पेनानं लिहिलं : सातपुते, पन्नास.
त्यानं वही आपल्याकडं ओढली,
चष्मा लावला,
आणि सावकाश, अक्षर अक्षर, वाचली.