दोन उधाणांच्या मध्ये

फाल्गुनी अमावास्येच्या दुसऱ्या रात्री
उधाणाने हिला उचलून कामुर्लीच्या काठावर ठेवलं
आणि पाणी निघून गेलं.
आता पुनवेचं उधाण येईतो आम्ही दोघी चिखलात,
उजव्या कुशीवर कललेल्या.
टेबलावर ठेवलेला कप उजवीकडे चालू लागतो.
झोपेत मी घसरत घसरत फळीला जाऊन टेकते,
आणि बाहेर, चार बोटांवर,
कुर्ल्या चालताना ऐकू येतात.

अकरा वर्षं राहते हिच्यात.
त्याआधी ही रेती वाहायची;
अजून पावसाळ्यात कुठल्या तरी सांध्यातून
चमचाभर रेती निघते, भांड्यांच्या कपाटात.
पंचायतीचा कारकून दर वर्षी विचारतो, घर क्रमांक?
मी म्हणते, शापोरा नदी.
तो रकान्यात लिहितो : नाही.

कायतान मेस्त पहाटेच येतो,
हातोडी उलटी धरून दांड्याने
फळी फळी वाजवत नाळेपासून मागे जातो.
ठण. ठण. ठण.
मी मागोमाग, हातात कोळसा.
ठण. ठण.
भद्द.
तो बोलत नाही, नुसती मान वळवतो,
मी तिथे फुली मारते.
सतरा फुल्या.

खरवडताना रंग निघतात :
निळ्याखाली हिरवा, हिरव्याखाली पांढरा,
त्याखाली एक तांबडा, माझ्या आधीच्या कुणाचा तरी.
कालवांनी बोटं कापली. हळद लावली, परत खरवडलं.
पठाणापासून सातवी फळी काढून
कायतानने उन्हात उभी धरली
तर चिखलावर उन्हाचे ठिपके पडले, चाळणीतून पडावेत तसे.
किड्यांनी आत काहीच ठेवलं नव्हतं.
"बाय," तो म्हणाला, "तू इतकी वर्षं
नुसत्या रंगावर तरंगत होतीस."
दुपारी मला भात गेला नाही.

नवी फळी फणसाची.
खाली सोडणांचा जाळ, वर ओली गोणपाटं,
दोन्ही टोकांना जांभ्याचे चिरे, तासातासाने एक जास्त.
मध्येच तो जेवायला गेला, आडवा झाला,
फळी वाकत राहिली.

पाडव्याला डोलकाठीवर गुढी बांधली.
तीही कललेली.
पोरं पुलावरून बघून हसली, मीही हसले.

आठव्या दिवशी ओंडके लावून डाव्या कुशीवर वळवली.
मग कालापाती.
कापसाच्या वाती मी मांडीवर वळते;
सासरी चार वर्षं होते, तिथलं एवढंच कामाला आलं.
देवाला वीतभर लागायची, हिला बारा हात.
वात सांध्यात ठेवायची, छिन्नीने आत ठोकायची,
वरून राळ आणि उंडीचं तेल, कढत.
केसांना तो वास महिनाभर राहतो,
बाजारात माणसं थोडी बाजूला सरतात.

पुनवेच्या दुसऱ्या रात्री, पावणेदोनला,
पाणी आलं. आधी पठाणाखाली चुळबुळ,
मग एक उसासा, आणि ही उठली.
आणि लगेच आतही आलं.
प्रत्येक सांध्यातून. जुन्या, नव्या,
पंधरा दिवसांच्या उन्हाने तोंड उघडलेल्या.
"मेस्त, बुडतेय ही!"
तो बाकावर बसून विडी ओढत होता.
"येवं दी," म्हणाला. "तिका तान लागल्या."

पहिल्या तासाला मी साठ बादल्या उपसल्या.
दुसऱ्याला एक्केचाळीस.
मग मोजणं चुकलं.
अंधारात लाकूड फुगताना आवाज करतं,
बारीक, बोटं मोडल्यासारखा;
एकेक सांधा पाणी पिऊन तोंड मिटत होता
आणि मी बादली मांडीवर घेऊन ऐकत होते.
उजाडता उजाडता तासाला नऊ.
कायतानची एक चप्पल चिखलात गेली ती गेलीच.
पैसे मोजून घेतले, एका पायाने अनवाणी
माडांतून घरी गेला.

मी चहा केला, कप टेबलावर ठेवला.
तुयेची पहिली फेरीबोट गेली, तिची लाट आली,
कप जरा सरकला
आणि परत आला.