एकशे बारावं करडू

गोबीच्या त्या वाळूवरती
गोल पांढरा तंबू एक.
तंबूपाशी उंट बांधला,
थुंकायाची जबरी फेक!

नाव ठेवलं त्याचं 'बोर',
तिकडे 'बोर' म्हणजे भुरा.
जवळ गेलात? गालावरती
आलाच समजा मग फवारा!

चिमेग नावाचं करडू होतं,
काड्यांचे पाय, कान लोंबते.
आई त्याला ढुशीच मारी,
जुळ्यामधलं नकोसं ते.
सोलोंगो मग मांडीवरती
घेऊन बाटली पाजायची;
दूध संपलं तरी स्वारी
करंगळीच चावायची!

एका रात्री वादळ सुटलं,
बर्फ आडवा, बोचरा वारा.
बाबा मोजे: एकशे अकरा...
पण काल तर होत्या बारा!

कंदील घेऊन फिरली पोर,
हाका मारून बसला घसा.
खारट चहा गार झाला,
डोळा लागेल, सांगा, कसा?

सकाळ झाली. बर्फ थांबला.
बोर बसलेला बर्फाखाली.
दोन कुबडांच्या दरीमधून
बारीकशी एक शिंक आली.

चिमेग! उबेत गाढ गुडुप!
आई गेली उचलायाला.
थूऽऽऽ!
बोर बघतो डोळे वटारून,
"झोपलंय ना? मग हात कशाला?"

उंटावरून शेळ्या हाकतात,
ऐकली असेल म्हण ही खास.
इथे बसून उंटावरती
करडू हाकतं थेट उंटास!

बोर हल्ली शांत असतो,
थुंकत नाही फारसा आता.
चिमेगपासून जपा मात्र,
सराव करतंय येता-जाता!