बंदर गल्ली, बोरनाळ

बोरनाळच्या नकाशात
बंदर गल्ली आहे, समुद्र नाही.

करोडगिरीच्या कारकुनानं म्हणे
मिठाच्या गोदामापुढं लिहिलं 'बंदर',
दौत कलंडली,
आणि कागदाची उरलेली बाजू निळी झाली.

गफूर मिस्त्री ते नाव ऐकून
बिऱ्हाडासकट आला.
होड्या करायचा तो. इथं आल्यावर
बैलगाड्यांचे साटे केले, पाळणे, दोन-चार तिरड्याही;
फक्त साट्यांच्या फटी डांबरानं बुजवत राहिला.
"काय सांगावं," म्हणायचा.
त्याच्या गाडीतनं ज्वारीचा दाणा
कधी सांडला नाही.

लिंबाच्या फांदीला
अजून कंदील टांगतात तिन्हीसांजेला.
कुणासाठी, असं विचारलं
तर गोदू लोहारीण हात वर न करता
हनुवटीनंच दाखवते:
करडई संपते ना,
तिथनं पुढं.

चौथीच्या पेपरात मी लिहिलं होतं,
आमच्या गावाच्या पश्चिमेस समुद्र आहे.
डोईजड गुरुजींनी तांबडी रेघ मारली.
मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले,
आणि रेघेखाली, बारीक अक्षरात,
अर्धा मार्क दिला.