रेघेच्या वर

मार्केट यार्डातल्या हळदीच्या जुन्या गोदामाचं
शटर पहाटे साडेपाचला वर जातं
आणि पिवळ्या धुळीनं सगळ्यांना एकदम शिंका येतात.
आवटीबाई म्हणतात, झाला वॉर्म-अप.

भिंतीवर पुराची रेघ आहे,
माझ्या हनुवटीच्या बरोब्बर उंचीला.
बाईंनी तिच्यावर रंग मारू दिला नाही.
“मुठी रेघेच्या वर, मगदूम.
हात खाली आला की पाणी नाकात गेलं समजा.”

मी अडत दुकानातला दिवाणजी,
वय बावन्न, साखर दोनशे चाळीस.
डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं,
चालत चालत इथं आलो.

पहिला महिनाभर ग्लोव्हज दिलेच नाहीत.
फरशीवर खडूनं आठ चौकोन,
त्यात उकिडवं बसायचं,
एकाचं तोंड इकडं, दुसऱ्याचं तिकडं.
शेजारी रिक्षावाल्याची अल्फिया, चौदा वर्षांची,
पलीकडं भरतीत तीनदा हुकलेला बिरू.
म्हटलं, बाई, हे बॉक्सिंग?
“आधी पाय.
हात काय, राग आला की कुणाचाबी उठतोय.”

पुढचं तुकड्यातुकड्यांनी कळलं.
खो-खोत बाई जिल्ह्याकडून खेळायच्या.
नऊ मिनिटांचा डाव, पायात कधी चप्पल नाही.
राज्याच्या निवडीला खांबाला वळसा घालताना
उजवा गुडघा खांबापाशीच राहिला
आणि बाई पुढं गेल्या.
त्या असंच सांगतात, हसत.
त्यानंतरच्या सहा वर्षांबद्दल विचारलं
की हातात दोरी देतात. दोनशे उड्या.

मग मिरज जंक्शन.
मालगाडीचे एक गार्ड
ड्यूटी नसेल तेव्हा पिंपळाखाली पोरांना ठोसे शिकवायचे.
बाई नवऱ्याला डबा द्यायला जायच्या.
डबा पोचायला उशीर व्हायला लागला.

काल अल्फियाबरोबर माझी तीन मिनिटांची फेरी होती.
दुसऱ्याच मिनिटाला पोरीनं बरगडीत असा दिला
की मी कोपऱ्यात बसलो,
उकिडवा, खडूच्या चौकोनात बसतात तसा.
बाई मागं येऊन उभ्या राहिल्या.
“काय बघताय?”
काही नाही. दम.
“थापेची वाट बघताय.
मीपण बघितली.
पाठीवर कुणीतरी मारणार, खो म्हणणार,
मग आपण उठणार.
बारा वर्षं तसंच उठत होते ना.
गुडघा गेल्यावर घरात बसले तोंड फिरवून,
कोण येतंय का म्हणून.
इथं थाप मिळत नाही, मगदूम.
घंटेला अजून वीस सेकंद हायत.”

उठलो.
मुठी रेघेच्या वर नेल्या.
अल्फियानं आणखी दोन दिले, खरं सांगायचं तर तीन.

घरी बायको बनियन भिजवत होती.
म्हणाली, पाठीवर हा हळदीचा हात कुणाचा?
म्हटलं, कुणाचा नाही.
मला तर काही लागलंच नव्हतं.
तिनं साबण लावला
तशी पाचही बोटं लाल होत गेली.